देऊन ये, मग आत ये

दुपारचे चार वाजले की धाकटी मशीनचं पायडल हळू करायची. काम संपलं म्हणून नव्हे. शाळा उघडायला बारा दिवस उरले होते आणि गणवेशांचे गठ्ठे पलंगाखाली, पलंगावर, इतकंच काय, नवऱ्याच्या झोपायच्या जागेवरही चढून बसले होते. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी असायचा. बाकीचे पाच दिवस गठ्ठे त्याची जागा धरून ठेवायचे. पायडल हळू व्हायचं ते वरच्या मजल्यावरचं ऐकू यावं म्हणून. वर तिची थोरली जाऊ राहायची, आणि चार वाजता धाकटीचा मुलगा तिच्याकडे जायचा.

आणि तिथे तो हसायचा.

मुलगा सोळा वर्षांचा. एका वर्षात हातभर वाढला आणि मान पुढे काढून चालायला लागला, तेव्हापासून घरीदारी सगळे त्याला बगळ्या म्हणत. घरात हा बगळा तीनच शब्द बोलायचा: हो, नाही, बघू. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी ‘बघू’. आणि वर गेला की पाच मिनिटांत छतातून हसणं गळायला लागायचं. धाकटी स्कर्टाच्या चुण्या मोजत असायची, आठवरून एकदम अकरावर जायची, आणि मग सगळं उसवून पुन्हा बसायची. आपलं पोर दुसरीकडे हसतं हे दुःख कुणाला सांगायचं? ऐकणारा म्हणेल, बाई, हसतोय ना, मग झालं.

थोरलीशी तिचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, बोलून मोकळं होता आलं असतं. थोरली इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत काम करायची. तिला कडक इस्त्रीचा गणवेश होता, ओळखपत्र होतं, आणि रस्त्यात माणसं थांबून तिला हात दाखवायची, ‘सिस्टर, तुम्ही घातलेले टाके, बघा, खूणसुद्धा राहिली नाही.’ धाकटीने शिवलेल्या शर्टांवरची शिवण बघायला कधी कुणी थांबलं नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हाही कौतुक थोरलीचं आणि काम धाकटीला. थोरलीचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परगावी गेली होती. घर रिकामं म्हणून काकू पुतण्याला जीव लावते, हे धाकटीला समजत होतं. समजणं आणि सोसणं यांची मात्र एकमेकांशी ओळख नसते.

त्या मंगळवारी तिच्या रागाला आणखी एक कारण होतं. तिची मोठी कात्री सकाळपासून सापडत नव्हती.

दहा इंची, जड, एका वेळी सहा पदर कापणारी. मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली, अंगठ्याला घट्टा पडू नये म्हणून. ती भिंतीवरच्या ठरलेल्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिने कागद कापायची घरात कुणाची छाती नव्हती. दिवसभर धाकटी लहान कात्रीने कापड कुरतडत बसली. पलंगाखाली पाहिलं, गठ्ठे उलगडले, शेजारणीवर संशय घेऊन झाला. बगळ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘बघू.’

*

आता या वस्तीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

पोरगा मार खाऊन घरी आला, तर इथली आई दारात उभी राहायची. आत घ्यायची नाही. ‘देऊन ये, मग आत ये.’ एवढंच वाक्य. ते कुणी शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. गरिबाच्या पोराने मार खाल्ला की उद्या चारजण मारतात, म्हणून पहिल्याच दिवशी हिशेब चुकता करायचा, असं त्यामागचं शहाणपण. मुली याला अपवाद होत्या. त्यांनी मार खाल्ला तर कुणी दारात उभं राहत नसे.

बगळ्या नऊ वर्षांचा असताना एकदा फाटक्या शर्टाने रडत आला होता. धाकटीने दारात हात आडवा लावला होता. पोर अर्धा तास पायरीवर बसलं, मग उठून गेलं, कुणाला तरी दगड मारून आलं. तेव्हा तिने त्याला आत घेतलं, तोंड धुतलं, गरम गरम वाढलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, हिने पोर वाघ केलं. त्यानंतर बगळ्या मार खाऊन कधीच घरी आला नाही, असं ती अभिमानाने सांगायची. मार खाऊन तो घरी यायचा नाही, वरती जायचा, हे तिला सात वर्षांत कळलं नव्हतं. थोरली त्याचं ढोपर पुसायची, आयोडीन लावायची, आणि काही विचारायची नाही.

त्या न विचारण्यातूनच पुढचं सगळं उभं राहिलं. इस्पितळात थोरली रोज बघायची. एक पोरगा भोसकलेला आत यायचा आणि त्याचे पाच-सात मित्र बाहेरच्या बाकावर बसायचे. आत जखम शिवायला वीस मिनिटं लागायची; बाहेर बदला ठरायला दहा पुरायची. दोन तासांनी दुसऱ्या बाजूचा पोरगा त्याच खाटेवर यायचा. वर्षानुवर्षं थोरली टाके घालत राहिली, आणि एक दिवस हातमोजे काढून बाहेर जाऊन त्या बाकावर पोरांच्या मधोमध बसली. काय बोलावं ते तिला सुचलं नाही. ती म्हणाली, ‘मला चहा पाजा कुणीतरी, सकाळपासून उभी आहे.’ पोरं चहा आणायला गेली. चहा येईपर्यंत दहा मिनिटं गेली, पीत पीत वीस. त्या दिवशी दुसरा पोरगा खाटेवर आला नाही.

मग कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने आपल्या दुकानामागची खोली दिली. वस्तीत कुठली आग धुमसतेय हे त्याच्या खुर्चीला सगळ्यांच्या आधी कळायचं. भांडायला निघालेला पोरगा आधी केस नीट करून घेतो, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. अशा पोराला तो ‘मागे बस जरा, पाणी गरम होतंय’ म्हणायचा आणि थोरलीला फोन लावायचा. खोलीत दोन बाकं, एक कॅरमबोर्ड आणि एक कुलपाचा खण. खिशात जे असेल ते खणात ठेवायचं, डोकं शांत झालं की शनिवारी घेऊन जायचं. पोरांनी बदल्यात एकच अट घातली होती: घरी सांगायचं नाही. थोरलीने शब्द दिला होता. खणात आजवर सुऱ्या, सायकलची साखळी, एक कुलूप बांधलेला मोजा आणि कुणाचं तरी लाटणं जमा झालं होतं.

*

बुधवारी दुपारी धाकटी सलूनमध्ये गेली ती गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती बांधायची नवी कापडं द्यायला. सहा कापडं, पांढरी, कडेला निळी पट्टी, तिनेच शिवलेली. सलूनवाला दाढी करत होता, त्याने मानेनेच ‘मागे ठेवा’ असं सांगितलं. ती मागे गेली. थोरली पाठमोरी उभी होती, खण उघडा होता, आणि खणात लाल चिंधीची मूठ होती.

धाकटीच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला मलाच संकोच वाटतो. तिच्या मनात आलं: मुलगा नेला, आता कात्रीपण?

‘जाऊबाई,’ ती म्हणाली, ‘ती कात्री माझी आहे.’

‘हो, तुझीच.’

‘इथे कशी आली?’

थोरलीने खण लोटला, पण कुलूप लावलं नाही. ‘ते मला सांगता यायचं नाही. तू आज नेऊ नकोस. शनिवारी मी स्वतः आणून देते.’

‘शनिवारपर्यंत मी काय दातांनी कापू?’

दुसरी कुणी असती तर तिने विचार केला असता. दहा इंची कात्री आपल्या पायांनी चालत सलूनमागे येत नाही, कुणीतरी आणली असेल, आणि ज्याअर्थी ती या खणात आहे त्याअर्थी ती कापडासाठी आणलेली नाही. धाकटी काही खुळी नव्हती. हे सगळं तिच्या मनात उमटलं होतं. पण त्याच्याही वर दुसरं काही तरंगत होतं. त्याने हिला सांगितलं. मला नाही. तिने हात घातला, कात्री उचलली आणि चालती झाली. थोरली मागून दोनदा ‘अगं ऐक’ म्हणाली.

वाटेत शेजारणीने थांबवलं. हातात मोबाइल. ‘तुम्ही पाहिलंत की नाही, सगळीकडे फिरतंय.’ पडद्यावर मैदान, पोरांचा घोळका, आणि मधे बगळ्या. पत्र्याच्या डब्यांचं काम करणाऱ्याचा मुलगा, सतरा वर्षांचा, रुंद खांद्यांचा, त्याला काहीतरी म्हणाला आणि त्याने खाडकन थोबाडीत मारली. पोरं हसली. बगळ्या गालावर हात ठेवून उभा राहिला, लांब मान खाली गेली. बगळ्याच्या चोचीतून मासा निसटावा तसा ‘डुबुक’ आवाज कुणीतरी मागून काढला. सोमवारची गोष्ट. सगळ्या वस्तीने पाहिलेली. फक्त आईने नव्हती पाहिली.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस मुलगा समोर बसून जेवला आणि ‘बघू’ म्हणाला.

*

बगळ्या घरात होता. तिने कात्री त्याच्यासमोर खिळ्याला टांगली. तो कात्रीकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या क्षणी ती त्याच्याजवळ बसली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला लिहावी लागली नसती. ती बसली नाही. ती बोलत सुटली. काकूच्या पदराआड जाऊन रडायचं आणि आईला तोंड दाखवायची लाज, असं म्हणाली. काकू डोक्यावरून हात फिरवते ते गोड लागतं, पण नऊ महिने पोटात वाढवलं कुणी, असंही म्हणाली. बायकांनी आपल्याला वाघाची आई म्हटलं होतं त्याची आठवण काढली. बगळ्या उभा होता. त्याचा ओठ हलला.

‘मी तिकडे ठेवून आलो होतो, आई,’ तो म्हणाला. ‘मला जायचं नव्हतं म्हणून.’

गेल्या वर्षभरात तो तिच्याशी इतकं लांब वाक्य बोलला नव्हता. तिला त्यातला एकच शब्द ऐकू आला: तिकडे.

थोरलीने त्याला काय काय दिलं होतं ते ती मनात चाचपत होती, आणि आपलं असं, फक्त आपलं असं, तिला एकच काहीतरी सापडलं. ते थोरलीने कधी दिलं नव्हतं. धाकटी उठली, दाराशी गेली आणि सात वर्षांपूर्वीसारखा चौकटीला हात लावून उभी राहिली.

‘देऊन ये,’ ती म्हणाली. ‘मग आत ये.’

त्याने कात्री काढली. चपला घातल्या, एकीचा अंगठा निसटला तो पुन्हा नीट घातला. तिने हात बाजूला केला आणि तो वाकून तिच्याजवळून बाहेर गेला.

ती मशीनपाशी येऊन बसली. चार शिवणी घातल्या. पुढचा कपडा बेतून ठेवलेला होता, कापायचा होता, आणि सवयीने तिचा हात भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता.

तिचा हात तिथेच राहिला. मग ती अनवाणी पळाली.

*

सलूनवाल्याने तिला काचेतून पळताना पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाला साबण तसाच घेऊन, गळ्याला निळ्या पट्टीचं नवं कापड बांधलेलं, त्याच्यामागे निघालं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण अर्ध्या दाढीने एकटं बसून तरी काय करणार. सलूनवाला पळता पळता थोरलीला फोन लावत होता.

पत्रेवाल्याच्या गल्लीत संध्याकाळची आवराआवर चालली होती. एकावर एक रचलेले डबे, हातोड्या टांगलेल्या. बगळ्या दुकानासमोर रस्त्यात उभा होता. हात शरीराला चिकटलेला, कात्री मांडीला लागलेली. त्याला हाक मारता येत नव्हती आणि परतही जाता येत नव्हतं. दाराच्या आत तो रुंद खांद्यांचा मुलगा होता. त्याच्या हातात कापलेल्या पत्र्याची पट्टी होती. तोही पुढे येत नव्हता. आणि त्याच्या पाठीवर एक हात होता, बाईचा, त्याला बाहेर लोटणारा.

‘जा ना,’ त्याची आई म्हणत होती. ‘दारात येऊन उभा राहिलाय तो, आणि तू आत लपतोस? देऊन ये. मग आत ये.’

धाकटी जागच्या जागी थबकली. आवाज दुसरीचा होता, वाक्य तेच होतं. शब्द, मधली थांबायची जागा, सगळं तेच. त्या पोराचा चेहरा तिने पाहिला. व्हिडिओत तो राक्षस दिसला होता. इथे तो आईने बाहेर काढलेला पोरगा होता, डोळे भरलेले, पायरीवर अर्धा तास बसावं की काय असा विचार करणारा.

बगळ्या एक पाऊल पुढे सरकला. पत्र्याची पट्टी वर उठली. धाकटी मधे शिरली आणि तिने मुलाच्या हातातली कात्री धरली. वीस वर्षं कात्री हाताळणाऱ्या बाईला ती कुठे धरावी हे शिकवायला नको होतं. पण तिने ती पात्यांवर धरली, मुठीत घट्ट. बगळ्याने हात मागे ओढला, मारायला नव्हे, दचकून. पातं तळव्यातून सरकलं.

रक्त रस्त्यावर ठिबकलं. पट्टी खाली पडल्याचा आवाज आला, मग कात्री पडल्याचा.

‘आई,’ बगळ्या म्हणाला. नऊ वर्षांच्या पोराच्या आवाजात.

तिने दुसऱ्या हाताने त्याची मान खाली ओढली, कारण तो आता तिच्याहून पुष्कळ उंच होता. ‘मार खाल्लास ना,’ ती म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात. ‘खाल्लास तर खाल्लास. घरी चल. पुन्हा मार खाऊन आलास तरी आत यायचं. रडत आलास तरी आत यायचं. दाराला हात लावणारी मेली आता.’ मग ती दारातल्या बाईकडे वळली. ‘अहो बाई, तुमच्या पोराला आत घ्या. आधी आत घ्या, मग हवं तेवढं बोला त्याला.’

मुलाच्या पाठीवरचा त्या बाईचा हात, जो इतका वेळ लोटत होता, तो त्याच्या शर्टाला धरून राहिला.

अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाने गळ्याचं कापड सोडून पुढे केलं. आपण शिवलेली निळी पट्टी धाकटीने ओळखली आणि हाताभोवती गुंडाळून घेतली.

*

इस्पितळात सात टाके पडले. थोरलीने घातले.

दोघी जावा पहिल्यांदाच एकमेकींच्या इतक्या जवळ, इतका वेळ बसल्या होत्या. धाकटी सुईकडे बघत होती. टाका बारीक होता, अंतर एकसारखं, गाठ आत दडवलेली. तिला वाटलं, जमतं हिला. लगेच पुढचं वाटलं: हेही जमतं हिला.

‘माझंही चुकलं,’ थोरली म्हणाली, वर न बघता. ‘मी पोरांना शब्द दिला होता हे खरं. पण तुला सांगायचं नाही, हे मला जड जात नव्हतं गं. तुझ्या पोराचं जे तुला माहीत नाही ते मला माहीत आहे, याचं बरं वाटत होतं मला. खोटं कशाला बोलू?’

धाकटीला हायसं वाटलं. बाई देवता असती तर तिच्यापुढे कुठे तोंड दाखवणार? ही तर आपल्यासारखीच निघाली.

‘हसतो कशाला तो तुमच्याकडे?’ तिने विचारलं. हा प्रश्न वर्षभर तिच्या घशात होता.

थोरलीने दोरा कापला. ‘तुझी नक्कल करतो. चुण्या मोजताना तू आठवरून अकरावर जातेस आणि मशीनला शिव्या देतेस, ते. हुबेहूब करतो. मला हसवायला करतो आणि स्वतःच हसत सुटतो.’ तिने पट्टी बांधली. ‘जा. बाहेर बसलाय.’

बाहेरच्या बाकावर बगळ्या बसला होता. त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला, पत्रेवाल्याचा मुलगा आणि त्याची आई. मधे सलूनवाला, एका बाजूला मान, दुसऱ्या बाजूला मान, पंख्यासारखा. धाकटीला थोरलीचा पहिला दिवस माहीत नव्हता, पण ती त्यांच्या मधोमध जाऊन बसली आणि म्हणाली, ‘मला कुणीतरी चहा पाजा रे.’

दोघंही पोरं एकदम उठली.

त्यानंतर वस्ती सुधारली, असं लिहून मी मोकळी होऊ शकते, पण ते खरं नाही. शाळा उघडली, गणवेश चार दिवस उशिरा गेले. खणात अजून सुऱ्या येतात. दुसऱ्याच आठवड्यात धाकटीच्या खालच्या खोलीतली बाई आपल्या आठ वर्षांच्या पोराला बाहेर ठेवून चौकटीला हात लावून उभी होती. धाकटीने मशीन थांबवलं, खाली गेली, पोराला पायरीवरून उचललं आणि त्या बाईच्या हाताखालून सरळ आत नेऊन बसवलं. बाई म्हणाली, माझ्या पोरात तुम्ही पडू नका. धाकटी म्हणाली, पडले नाही, आत आणून सोडलं फक्त. दोघींचं बोलणं महिनाभर बंद होतं. पोर मात्र त्या दिवशी वेळेवर जेवलं.

मोठ्या कात्रीची जागा आता बदलली आहे. काम आटोपलं की संध्याकाळी धाकटी ती कापडात गुंडाळून सलूनमागच्या खोलीत नेऊन खणात ठेवते आणि सकाळी परत आणते. आता तशी गरज उरलेली नाही, बगळ्या तिला हातही लावत नाही. पण रोज संध्याकाळी जायला काहीतरी निमित्त हवं. तिथे तो कॅरम खेळत असतो, काकू बाकावर असते, आणि पोरं हसत असतात. धाकटी दारात थांबते. मत्सर गेलेला नाही. तो तिच्याबरोबर चालत येतो, रोजच्या रोज, कात्रीसारखाच कापडात गुंडाळलेला. तिने तो एकदा थोरलीला दाखवूनही टाकला आणि दोघी हसल्या.

मग बगळ्या मान वर करून म्हणतो, ‘आत ये ना, आई. दारात काय उभी राहतेस?’